गाडी थांबवली आणि कागद नाहीत: अमेरिकेत रस्त्यावर तुमचे हक्क (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फोन बहुधा रात्रीच येतो. टेल लाइट गेलेला असतो, नाहीतर लेन बदलताना इंडिकेटर द्यायचा राहिलेला असतो. मागून लाल-निळे दिवे लागतात आणि ज्याचं स्टेटस, म्हणजे इथं कायदेशीर राहण्याची परवानगी, गेलंय त्या माणसाच्या पोटात गोळा येतो. गेली काही वर्षं मी इथल्या मराठी कुटुंबांसाठी दुभाषाचं काम करते आहे. प्रश्न तेच असतात, पण ते विचारले जातात सगळं घडून गेल्यावर. ते आधी वाचले जावेत म्हणून हे पान लिहिलं आहे.

मी वकील नाही. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत आणि २०२५ पासून ते झपाट्यानं बदलत आहेत, म्हणून स्वतःच्या प्रकरणासाठी इमिग्रेशनच्या वकिलाला विचाराच. पण वकील भेटेपर्यंतची पहिली दहा मिनिटं तुम्हाला एकट्यालाच काढावी लागतात, आणि बहुतेक नुकसान त्या दहा मिनिटांत, आपल्याच तोंडून होतं. हे पान त्या दहा मिनिटांसाठी आहे.

आपल्या मराठी लोकांत असे कोण आहेत?

आहेत, आणि आपण समजतो त्याहून जास्त. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २०२१ साली अमेरिकेत कागदपत्रं नसलेले भारतीय सव्वासात लाखांच्या घरात होते. सगळे काही सीमा ओलांडून आलेले नव्हेत. एफ-१ या शिक्षणाच्या व्हिसावर आलेला विद्यार्थी फी भरता न आल्यानं कॉलेज सोडतो. एच-१बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी जाते आणि साठ दिवसांत दुसरी मिळत नाही. लेकीच्या बाळंतपणाला आलेली आई पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख बघून निश्चिंत राहते, आणि राहण्याची खरी मुदत आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. ५ फेब्रुवारी २०२५ ला १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, त्यात तिघं महाराष्ट्राचे होते. हे लोक आपल्यातलेच आहेत. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनं ते मंडळाच्या गणपतीला येत नाहीत आणि वकिलाकडेही जात नाहीत. यातली दुसरी गोष्ट जास्त घातक आहे.

कागदच नाहीत, मग हक्क कसले?

अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती बेकायदा झडती आणि अटकेपासून संरक्षण देते, पाचवी गप्प राहण्याचा हक्क देते. दोन्हींची भाषा माणसांबद्दल आहे, फक्त नागरिकांबद्दल नाही. हे काही कालपरवा ठरलेलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत कपडे धुण्याचा धंदा करणाऱ्या चिनी माणसाच्या ‘यिक वो’ खटल्यात १८८६ साली सर्वोच्च न्यायालयानं समान संरक्षण देशाच्या भूमीवरच्या प्रत्येकाला लागू आहे असं म्हटलं. दहा वर्षांनी, १८९६ च्या वाँग विंग खटल्यात पाचव्या आणि सहाव्या दुरुस्तीचं संरक्षण परकीयांनाही मिळालं.

दुसरी गोष्ट: मुदत संपल्यावर राहणं हा इथल्या कायद्यात दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, फौजदारी गुन्हा नव्हे. ॲरिझोनाच्या प्रसिद्ध खटल्यात २०१२ साली न्यायालयानं म्हटलं की, हद्दपार होण्याजोग्या परकीयानं देशात असणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. तपासणीविना सीमा ओलांडणं हा मात्र गुन्हा आहे. म्हणूनच ‘तू आत कसा आलास’ या प्रश्नाला रस्त्यावर उत्तर द्यायचं नसतं.

हक्क आहेत म्हणून ते पाळले जातीलच असं नाही, हेही मी पाहिलं आहे. तरीही ते मोठ्यानं बोलून दाखवायचे, कारण पुढे न्यायाधीशासमोर तुम्ही काय म्हणालात आणि काय म्हणाला नाहीत यावरच सगळं चालतं.

पोलिस उगाचच गाडी थांबवू शकतात का?

नाही. १९७९ च्या डेलावेअरच्या खटल्यापासून नियम आहे की केवळ लायसन तपासायचं म्हणून, काही संशय नसताना, वाटेल ती गाडी थांबवता येत नाही. दारूच्या तपासणीच्या नाक्यांसारखे ठरलेले नाके मात्र बऱ्याच राज्यांत चालतात. पण १९९६ च्या व्रेन निकालानं मोठी फट ठेवली आहे. वाहतुकीचा बारीकसा नियम जरी खरोखर मोडला असेल, तरी पोलिसाच्या मनातलं कारण काहीही असो, थांबवणं वैध ठरतं. म्हणून माझा पहिला सल्ला कायद्याचा नाही, गॅरेजचा आहे. दिवे, नंबर प्लेटवरचा बल्ब, इन्स्पेक्शनचं स्टिकर, रजिस्ट्रेशनची तारीख, काचेला गेलेला तडा हे सगळं दर रविवारी बघा. आरशाला लटकवलेली गणपतीची मूर्ती किंवा माळसुद्धा काही राज्यांत गाडी थांबवायला पुरेशी ठरते. ती डॅशबोर्डवर बसवा.

दिवे लागले. आता पहिल्या मिनिटात काय करायचं?

इंडिकेटर द्या, उजवीकडे सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली घ्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा.

गाडीतून उतरू नका. आपल्याकडे शिट्टी वाजली की आपण गाडी कडेला लावतो, उतरून पोलिसाकडे चालत जातो, ‘साहेब, काय झालं’ म्हणतो. तो आदर असतो. इथं तीच गोष्ट धोका म्हणून वाचली जाते आणि बंदूक निघू शकते. कागद काढण्यासाठी आधीच ग्लव्ह बॉक्समध्ये हात घालू नका. त्यानं मागितले की ‘ते अमुक ठिकाणी आहेत, काढू का?’ असं विचारून मगच हात हलवा. ‘उतर’ म्हणाला तर मात्र उतरा. १९७७ पासून चालकाला उतरवण्याचा त्याला अधिकार आहे.

आणि पैशाचा विषय काढू नका. ‘साहेब, इथंच मिटवून टाकू’ हे वाक्य इंग्रजीत कितीही गोड वाटलं तरी ती लाच आहे, म्हणजे स्वतंत्र गंभीर गुन्हा.

काय दाखवावंच लागतं?

चालक असाल तर लायसन, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स. नाव खरं सांगायचं. २००४ च्या हायबेल निकालानुसार, राज्याचा तसा कायदा असेल तर रीतसर थांबवलेल्या माणसाकडून नाव मागता येतं.

जन्म कुठं झाला, कोणत्या देशाचे, व्हिसा कोणता, हे सांगणं चालकाच्या कर्तव्यात येत नाही. पासपोर्ट स्वतःहून पुढे करू नका. खोटं लायसन, दुसऱ्याचं लायसन किंवा बनावट सोशल सिक्युरिटी कार्ड गाडीत ठेवूसुद्धा नका. त्यापेक्षा काहीच नसलेलं परवडतं.

भारतातलं लायसन दाखवावं का, हा प्रश्न हमखास येतो. कित्येक राज्यांत परदेशी लायसन काही काळ चालतं, आणि ते दाखवल्यानं अटक टळून नुसतं तिकीट (दंडाची पावती) मिळू शकतं. पण त्यावरून तुम्ही कुठले ते उघड होतं. तुमच्या राज्यात कोणती बाजू जड, हे वकिलाला आजच विचारून ठेवा.

‘व्हेअर वेअर यू बॉर्न?’ असं विचारलं तर?

सगळ्यात जास्त घात या प्रश्नात होतो.

प्रश्न थेट येतोच असं नाही. ‘कुठून आलात? मस्त ॲक्सेंट आहे तुमचा. किती वर्षं झाली इथं येऊन?’ असं गप्पांच्या सुरात येतं. मोठ्या माणसानं, त्यातून वर्दीतल्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायचं, गप्प बसणं उद्धटपणा, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. इथं ती सवय मोडायला लागते. सौम्य आवाजात एवढंच म्हणा: ‘ऑफिसर, आय चूज टू रिमेन सायलेंट.’ मग खरोखर गप्प राहा. दोन मिनिटांनी अवघडून परत बोलायला लागू नका. हे वाक्य घरी आरशासमोर दहा वेळा म्हणा. मी लोकांना फोनवर म्हणायला लावते, कारण भीतीत फक्त तोंडपाठ वाक्यच बाहेर पडतं.

गप्प राहणं हा हक्क आहे. खोटं बोलणं हा हक्क नाही, आणि एक खोटं सगळ्यात महाग पडतं: ‘आय ॲम अ सिटिझन.’ नागरिक असल्याचा खोटा दावा हा केंद्रीय गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. त्याहून वाईट म्हणजे इमिग्रेशन कायद्यात त्यामुळे ग्रीन कार्डची वाट जवळजवळ कायमची बंद होते. ज्याचं पुढे लग्नातून किंवा मुलांमुळे सगळं सुरळीत होऊ शकलं असतं, त्याचंही. मुदत उलटून राहिल्याला कधीकधी माफी असते, या वाक्याला ती सहसा नसते. घाबरून नुसती मान हलवली तरी तो दावा धरला जाऊ शकतो.

इथं एक फरक लक्षात घ्या. ज्यांच्याकडे वैध स्टेटस आहे, म्हणजे ग्रीन कार्ड, एच-१बी, एफ-१, त्यांच्यासाठी सल्ला वेगळा आहे. १८ वर्षांवरच्या परकीयांनी नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असा कायदा आहे. ग्रीन कार्ड, किंवा आय-९४ असेल तर त्याची प्रत, पाकिटात ठेवा आणि इमिग्रेशन अधिकाऱ्यानं मागितली तर दाखवा.

मिरांडा वाचून दाखवला नाही, म्हणजे केस पडणार ना?

नाही. मिरांडाचा इशारा, म्हणजे गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे असं बजावणं, अटकेतल्या चौकशीसाठी आहे. साध्या ट्रॅफिक स्टॉपला तो लागू नाही, हे १९८४ साली ठरलं. म्हणजे त्यानं काहीही न बजावता विचारलेल्या प्रश्नांची तुमची उत्तरं तुमच्याविरुद्ध वापरता येतात.

‘गाडी बघू का जरा?’ असं विचारलं तर?

‘आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च.’ एवढंच.

तो विचारतोय याचा अर्थ बहुधा असा की त्याला तुमच्या परवानगीची गरज आहे. आणि नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे हे सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही, १९७३ पासून. त्यामुळे ‘हो हो, बघा ना, काही नाही त्यात’ असं म्हणून आपण स्वतःच कुलूप काढून देतो.

सबळ कारण असेल, उदाहरणार्थ सीटवर काही बेकायदा उघड पडलंय किंवा, काही राज्यांत, गाडीतून गांजाचा वास येतोय, तर वॉरंटशिवायही झडती होते. गाड्यांसाठी हा अपवाद १९२५ पासूनचा आहे. गाडी जप्त झाली तर सामानाची यादी करण्याच्या निमित्तानंही ती उघडतात. तुम्ही नाही म्हटलं आणि त्यानं तरी सुरुवात केली, तर अडवू नका, हात लावू नका, वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणा. पासपोर्ट, मुदत संपलेला व्हिसा, कोर्टाची नोटीस हे सगळं गाडीत ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

फोनचं वेगळं आहे. फोन उघडून पाहायला वॉरंट लागतं, हे २०१४ च्या रायली निकालात ठरलं. बोट किंवा चेहरा दाखवून उघडणारं कुलूप बंद करून आकड्यांचा पासकोड ठेवा आणि स्वतःहून फोन हातात देऊ नका.

तिकीट लिहून झालं, तरी सोडत नाहीत.

ज्या कामासाठी थांबवलं ते संपलं की थांबवणंही संपलं पाहिजे. नेब्रास्कातल्या रॉड्रिगेझ खटल्यात लेखी ताकीद देऊन झाल्यावर कुत्र्याकडून तपासणी करण्यासाठी सात-आठ मिनिटं थांबवून ठेवलं होतं. नवा संशय नसताना तेवढं थांबवणंही चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली सांगितलं. म्हणून कागद परत हातात आले की विचारा: ‘ऑफिसर, ॲम आय फ्री टू गो?’ ‘यस’ आलं तर सावकाश निघा. ‘नो’ आलं तर गप्प राहा आणि वेळ लक्षात ठेवा.

मी चालवत नव्हतो, नुसता शेजारी बसलो होतो.

गाडी थांबली म्हणजे तुम्हालाही थांबवलं, असं कायदा मानतो. २००७ च्या ब्रेंडलिन निकालामुळे प्रवासीही त्या थांबवण्याला आव्हान देऊ शकतो. उतरायला सांगितलं तर उतरायचं. पण चालकाचे कागद दाखवणं तुमचं काम नव्हे, आणि तुमच्यावर स्वतंत्र संशय नसेल तर बऱ्याच राज्यांत ओळखपत्र दाखवण्याची सक्ती नाही. ‘मला जाता येईल का?’ हे तुम्हीही विचारू शकता. चालकापेक्षा तुमच्या तोंडाला कमी कामं आहेत, त्याचा फायदा घ्या.

कामावर जाताना एका व्हॅनमध्ये सात-आठ जण असतात. एकानं सगळ्यांच्या वतीनं बोलू नये. दुसऱ्याच्या स्टेटसबद्दल तर एक अक्षर नाही.

पोलिस आणि आइस यांत फरक काय? दोघंही वर्दीतच असतात.

स्थानिक पोलिस, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) शेरिफ, राज्याचा ट्रूपर यांचं काम राज्याचे कायदे. आइस ही केंद्राची इमिग्रेशन यंत्रणा. फक्त कागद नाहीत एवढ्यावरून स्थानिक पोलिसाला एरवी अटक करता येत नाही.

‘एरवी’ हा शब्द महत्त्वाचा. १९९६ च्या कायद्यात २८७-जी नावाचं कलम आहे. त्याखाली करार केलेल्या शेरिफ किंवा पोलिसांना इमिग्रेशन अधिकाऱ्याचे अधिकार मिळतात. त्यातला रस्त्यावर गस्त घालत हे काम करण्याचा प्रकार २०१२ मध्ये बंद झाला होता, तो २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. फ्लोरिडा-टेक्सासकडे असे करार भरपूर. उलट कॅलिफोर्नियाचा २०१७ चा कायदा आणि न्यू जर्सीच्या ॲटर्नी जनरलचा २०१८ चा आदेश स्थानिक पोलिसांना या कामापासून बऱ्याच प्रमाणात दूर ठेवतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गाडी थांबणं आणि फ्लोरिडातल्या टॅम्पात गाडी थांबणं या वेगळ्या गोष्टी आहेत. राहत्या काउंटीचा करार आहे का ते आइसच्या संकेतस्थळावरच्या यादीत बघून ठेवा.

मैत्रीपूर्ण राज्यातही एक धागा असतोच. पोलिस तुमचं नाव केंद्रीय माहितीसाठ्यात टाकतो, आणि जुना हद्दपारीचा आदेश किंवा आइसचं वॉरंट असेल तर ते तिथं दिसू शकतं. कधीकाळी कोर्टाची तारीख चुकवली असेल तर गैरहजेरीत आदेश निघालाय का, हे वकिलाकडून तपासून घ्या. ए-नंबर (इमिग्रेशन खात्यानं परकीयाला दिलेला क्रमांक) असेल तर इमिग्रेशन कोर्टाच्या फोनवरच्या यंत्रणेतूनही ते कळतं.

आइसचे लोक अनेकदा साध्या गाड्यांतून येतात, जॅकेटवर ‘पोलिस’ लिहिलेलं असतं. विचारा: ‘आर यू पोलिस ऑर इमिग्रेशन?’

नुसत्या रंगावरून, चेहऱ्यावरून थांबवता येतं का?

१९७५ च्या ब्रिग्नोनी-पोन्स निकालानं सांगितलं की फक्त चेहऱ्यावरून दिसणारा वंश एवढ्या आधारावर सीमेच्या गस्तीपथकाला गाडी थांबवता येत नाही. पण इतर गोष्टींबरोबर तो एक मुद्दा धरता येईल, अशी जागा त्याच निकालात राहिली. लॉस एंजेलिसच्या प्रकरणात खालच्या कोर्टानं वंश, भाषा, ठिकाण आणि कामाचा प्रकार एवढ्यावरच थांबवायला मनाई केली होती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं. भोगावं लागतं ते नागरिकांनाही, आपल्या इथं जन्मलेल्या मुलांनाही.

सीमेपासून शंभर मैलांचं काय प्रकरण आहे?

कायद्यात सीमेपासून ‘वाजवी अंतर’ असं आहे आणि नियमानं ते हवाई १०० मैल धरलं आहे. समुद्रकिनाराही सीमाच. म्हणून न्यूयॉर्क, बॉस्टन, सॅन फ्रान्सिस्को, ह्यूस्टन, सिॲटल सगळी या पट्ट्यात, देशाची जवळपास दोन तृतीयांश लोकसंख्या यात. याचा अर्थ तिथं घटना लागू नाही असा अजिबात नाही. धावत्या गस्तीला गाडी थांबवायला ठोस संशय लागतो, झडतीला सबळ कारण किंवा परवानगी.

टेक्सास, ॲरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्नियात हायवेवर कायमचे नाके आहेत. तिथं संशयाशिवायही प्रत्येक गाडी थांबवून थोडक्यात विचारता येतं, १९७६ पासून. तिथंही गप्प राहता येतं, पण जास्त वेळ रोखून धरतील. स्टेटस नसेल तर सॅन अँटोनियोहून साउथ पाद्रे बेटाची सहल काढू नका. जाताना काही वाटत नाही, नाका परतीच्या वाटेवर असतो.

आइसनं गाडी अडवली आणि वॉरंट आहे म्हणाले, तर?

वॉरंट दोन प्रकारचं. न्यायाधीशाच्या सहीचं, आणि आइसच्याच अधिकाऱ्याच्या सहीचं, ज्याच्यावर आय-२०० किंवा आय-२०५ असा क्रमांक असतो. घरात शिरायला न्यायाधीशाची सही लागते, हे कोर्टांनी वर्षानुवर्षं मानलं आहे. गाडी रस्त्यावर आहे, घरासारखं संरक्षण तिला नाही. तिथं अधिकाऱ्याच्या सहीचं वॉरंट अटकेला चालतं, आणि माणूस पळून जाईल असं मानायला जागा असेल तर तेही लागत नाही.

म्हणून काचा चढवून, दारं लावून आत बसून राहा असा जो सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो, तो मी देत नाही. काच फुटते, माणसाला ओढून काढतात, आणि वर अधिकाऱ्याला अडथळा केल्याचा फौजदारी आरोप लागतो. वॉरंट दाखवायला सांगा, त्यावरचं नाव तुमचंच आहे का बघा, गप्प राहण्याचं आणि झडतीला नकाराचं वाक्य म्हणा, वकील मागा. पळू नका.

शेजारच्यानं चित्रीकरण करावं. सार्वजनिक ठिकाणी कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याचं चित्रीकरण करण्याचा हक्क बहुतेक केंद्रीय अपील न्यायालयांनी मान्य केला आहे. अंतर राखून, फोन आधीच हातात दिसेल असा धरून.

तिकिटावर सही करायची का?

करा. सही म्हणजे गुन्हा कबूल नव्हे, तारखेला येईन एवढंच वचन. नकार दिला तर काही राज्यांत अटक होते. तारीख मात्र चुकवू नका. गेलं नाही की वॉरंट निघतं आणि पुढचा साधा स्टॉप थेट तुरुंगात नेतो. कोर्टाच्या आवारात आइस असेल अशी भीती असेल तर दंड ऑनलाइन भरता येतो का, किंवा वकील तुमच्या वतीनं हजर राहू शकतो का, ते विचारा.

स्टेटस नसताना लायसन मिळतं का?

एकोणीस राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी देतात. इलिनॉय २०१३ पासून, कॅलिफोर्निया २०१५ पासून, न्यूयॉर्क २०१९ पासून, न्यू जर्सी २०२१ पासून, मॅसॅच्युसेट्स २०२३ पासून. तुम्ही या राज्यांत असाल तर लगेच काढा. इतक्या कळकळीनं सांगते, कारण कायद्यानं साध्या सीट बेल्टच्या चुकीसाठीही अटक करता येते (२००१ चा ॲटवॉटर निकाल), आणि विनालायसन चालवणं कितीतरी राज्यांत फौजदारी गुन्हाच आहे. तिकीट आणि तुरुंग यांच्यामध्ये बहुतेक वेळा तेवढं एकच कार्ड उभं असतं. ही लायसन्स विमानप्रवासाला चालत नाहीत. आणि फ्लोरिडानं २०२३ च्या कायद्यानं दुसऱ्या काही राज्यांची अशी लायसन्स अमान्य केली आहेत, तेव्हा डिस्नेला गाडीनं जायचा बेत करताना हे लक्षात असू द्या.

मतदार नोंदणीचा रकाना लायसनच्या अर्जात असतो. तिथं ‘नाही’. घाईत टिक झाली तर तोही नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो.

अटक झाली तर पुढे काय होतं?

तुरुंगात बोटांचे ठसे घेतात. ते एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे आइस ज्या खात्यात येतं त्याच्याकडे. मग आइस तुरुंगाला डिटेनर पाठवू शकतं: सुटायची वेळ झाली तरी आणखी ४८ तासांपर्यंत ठेवा, आम्ही येतो. ही विनंती असते. काही राज्यं पाळतात, काही पाळत नाहीत.

फौजदारी आरोप असेल आणि पैसे नसतील तर तुमचा बचाव करणारा वकील (पब्लिक डिफेंडर) सरकारी खर्चानं फुकट मिळतो. त्याला पहिल्याच भेटीत एकांतात सांगा की मी नागरिक नाही. गुन्हा कबूल केल्यानं हद्दपारी होईल का, हे अशिलाला सांगणं २०१० च्या पडिया निकालानुसार वकिलाचं कर्तव्य आहे. ‘छोटा गुन्हा कबूल करा, आज घरी जाल’ हा सौदा फौजदारी कोर्टात छान आणि इमिग्रेशनमध्ये विनाशकारी असू शकतो. तुरुंगातले फोन ध्वनिमुद्रित होतात, मराठीत बोललात तरी. फोनवर स्टेटसबद्दल, कसे आलात याबद्दल काही बोलू नका.

दारू पिऊन गाडी चालवणं याबद्दल वेगळं सांगायला नको, पण सांगते. वैध व्हिसा असलेल्यांचाही व्हिसा या अटकेवरून रद्द होऊ शकतो.

आइसच्या ताब्यात गेल्यावर?

वाचता न येणाऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नका. ‘इथं सही कर, लवकर घरी जाशील’ म्हणून पुढे येणारा कागद बहुधा न्यायाधीशासमोरची सुनावणी सोडून देण्याचा असतो. मराठी दुभाषा मागा. इमिग्रेशन कोर्टात दुभाषाचा खर्च सरकार करतं, वकिलाचा मात्र करत नाही. कोर्टाच्या संकेतस्थळावर राज्यवार मोफत आणि स्वस्त सेवांची यादी असते.

भारतात परतायची खरीखुरी भीती असेल तर ती स्पष्ट शब्दांत सांगा. तिथं गप्प राहिलात तर ती नोंदच होत नाही.

व्हिसावर येऊन मुदत उलटलेल्याला जामिनासाठी अर्ज करता येतो. सीमा ओलांडून आलेल्यांना जामीन नाही अशी भूमिका सरकारनं २०२५ मध्ये घेतली, त्यावर केंद्रीय कोर्टांत झगडा चालू आहे. तपासणीविना आलेल्यांनी दोन वर्षांहून जास्त काळ इथं असल्याचे पुरावे, म्हणजे भाड्याच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, दवाखान्याची बिलं, विश्वासातल्या माणसाकडे ठेवावेत. ते दाखवता आले नाहीत तर न्यायाधीशाविना झटपट हद्दपारीचा प्रयत्न होऊ शकतो.

माझे हक्क मोडले, तर हद्दपारी रद्द होईल का?

सहसा नाही. १९८४ च्या लोपेझ-मेंडोझा निकालानं बेकायदा मिळवलेला पुरावा हद्दपारीच्या सुनावणीत साधारणपणे बाद होत नाही असं ठरवलं. अगदी ढळढळीत उल्लंघन असेल तर दार किंचित उघडं आहे. त्यासाठी बॅज नंबर, गाडीचा नंबर, वेळ, जागा, नेमके शब्द त्याच दिवशी मराठीत का होईना लिहून काढा.

मुलं गाडीत असतील तर?

शाळेतून आणायला परवानगी असलेल्या दोघांची नावं शाळेत आधीच द्या. बऱ्याच राज्यांत तात्पुरत्या पालकत्वाचा साधा कागद करता येतो. मुलांकडून एक फोन नंबर पाठ करून घ्या, पाढ्यासारखा.

आम्ही गावी आहोत, भावाचा फोन लागत नाही. काय करू?

आधी काउंटीच्या तुरुंगात चौकशी होते, मग आइसच्या ऑनलाइन शोधसुविधेत. तिथं ए-नंबर आणि जन्माचा देश लागतो, किंवा पासपोर्टवर आहे तसंच नाव आणि देश. आडनाव आणि वडिलांचं नाव उलटसुलट करून बघा, मराठी नावांची तिथं नेहमी गल्लत होते. नोंद दिसायला एखाद-दोन दिवस लागू शकतात. व्हिएन्ना करारानुसार त्याला भारतीय दूतावासाला कळवा म्हणण्याचा हक्क आहे, पण भारताच्या बाबतीत ते आपोआप होत नाही, त्यानं मागावं लागतं. तुम्ही तिकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवू शकता. वॉशिंग्टनचा दूतावास आणि न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटलसारख्या शहरांतले वाणिज्य दूतावास यांपैकी त्याच्या राज्याचा कोणता ते बघून ईमेलही करा.

भावाला सोडवण्यासाठी, ज्या एजंटनं पाठवलं त्याला पुन्हा पैसे देऊ नका. इथून फोन करणाऱ्या वकिलाचं नाव त्या राज्याच्या बारच्या (वकिलांच्या संघटनेच्या) यादीत आहे का, ते पैसे भरण्याआधी मला किंवा कोणालाही पाच मिनिटांत बघून देता येतं. नाव, पासपोर्टची प्रत, जन्मतारीख आणि शेवटचं बोलणं कधी झालं ती वेळ तेवढी तयार ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो.